शंभर जीबीचं वचन, दोनशे केबीची फाइल

लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयूला १०० जीबीची व्हर्च्युअल डिस्क तयार करायला सांगितलं, की काम डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतं. तयार झालेली फाइल तपासली तर ती २०० केबीच्याही आत भरते. त्या डिस्कवर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनला मात्र पूर्ण १,०७,३७,४१,८२,४०० बाइटची कोरी जागा दिसते. सांगितलेला आकार आणि खरोखर व्यापलेली जागा यांत पाच लाखांहून जास्त पट अंतर आहे, आणि तरीही त्या क्षणी काहीही बिघडलेलं नाही.

दुसरा आकडा घरातल्या लॅपटॉपवरचा. विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची डब्ल्यूएसएल-२ ही सोय अभियांत्रिकीचे विद्यार्थी सर्रास वापरतात. तिच्या पोटात व्हीएचडीएक्स नावाच्या प्रकारातली एक वाढणारी फाइल असते. तिची कमाल मर्यादा सुरुवातीला २५६ जीबी होती, पुढे ५१२ जीबी झाली आणि आता न सांगता मिळणारी मर्यादा १ टीबी आहे. लॅपटॉपची एसएसडी ५१२ जीबीची असेल, तर विंडोजच्या मोजणीत ती ४७६ जीबीच्या आसपास दिसते. एकट्या लिनक्सला दिलेलं वचन असं संपूर्ण डिस्कच्या दुपटीहून मोठं ठरतं. उबुंटूच्या शेजारी डेबियन बसवलं, तर तेवढंच आणखी एक वचन दिलं जातं.

अशा डिस्कला एकच आकार नसतो, तीन असतात. पहिला वचनाचा: आतल्या मशीनला जास्तीत जास्त किती जागा मिळेल. दुसरा फाइलचा: बाहेरच्या यंत्रावर, म्हणजे होस्टवर, ती आज किती जागा व्यापते. तिसरा वापराचा: आतल्या फाइल सिस्टिमच्या हिशेबात किती जागा भरलेली आहे. १०० जीबीच्या डिस्कवर आज ३० जीबी वापर आणि ६० जीबीची फाइल असू शकते, आणि ते अगदी नेहमीचं चित्र आहे. वचन एका आज्ञेत वाढतं, फाइल कोणाला न विचारता वाढते, वापर रोज वर-खाली होतो. वापर कमी झाला म्हणून फाइल आपोआप लहान होईल, याची मात्र खात्री नसते. वाढणाऱ्या डिस्कच्या बहुतेक कटकटी या एका विषमतेतून येतात. म्हणून डिस्क वाढवायची कशी, या नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाहून या तीन आकड्यांकडे लक्ष कसं ठेवायचं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आठ बाइटची नोंद

फाइल लहान राहू शकते, कारण तिच्यात एक नकाशा असतो. क्यूईएमयूच्या क्यूकाउ-२ प्रकारात डिस्कचे ६४ केबीचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यासाठी आठ बाइटची नोंद ठेवतात: हा तुकडा फाइलमध्ये कुठे आहे, किंवा अजून जन्मलाच नाही. आतल्या मशीनने पहिल्यांदा काही लिहिलं, की तुकड्याला फाइलच्या शेवटी जागा मिळते आणि नोंद भरली जाते. न जन्मलेला तुकडा वाचायला मागितला, तर शून्यं हाती पडतात.

१०० जीबीमध्ये असे १६,३८,४०० तुकडे होतात. गुणिले आठ बाइट, म्हणजे पूर्ण नकाशा साडेबारा एमबीचा. १ टीबीच्या डिस्कचा नकाशा १२८ एमबीचा. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक वाचन-लेखनाआधी नकाशा पाहावा लागतो आणि तो मेमरीत असेल तरच काम झपाट्याने होतं. क्यूईएमयूच्या ३.१ आवृत्तीपासून लिनक्सवर या नकाशासाठी जास्तीत जास्त ३२ एमबी मेमरी आपोआप राखली जाते. त्यात २५६ जीबीचा नकाशा मावतो. १ टीबीच्या डिस्कवर मोठा डेटाबेस चालत असेल आणि तो इकडून तिकडे उड्या मारत वाचत असेल, तर नकाशाचा तीन चतुर्थांश भाग केव्हाही मेमरीबाहेर असतो. 'व्हीएम हळू चालते' या तक्रारीमागे कधीकधी एवढंच कारण असतं, आणि तो आकडा १२८ एमबी केला की तक्रार मिटते. मेमरीचे ९६ एमबी जास्त गेले, इतकाच त्याचा खर्च.

तुकडे मोठे पाडले तर नकाशा लहान होतो. क्यूकाउ-२मध्ये तुकडा २ एमबीपर्यंत नेता येतो, तेव्हा १ टीबीचा नकाशा अवघ्या ४ एमबीत बसतो. पण मग दुसऱ्या बाजूने किंमत मोजावी लागते.

आतली फाइल सिस्टिम बहुधा ४ केबीच्या घासांनी लिहिते. त्या ४ केबीसाठी बाहेर किती जागा अडकते, ते तुकड्याच्या आकारावर ठरतं. क्यूकाउ-२ आणि व्हीएमवेअरची वाढणारी व्हीएमडीके फाइल, दोन्हींचा तुकडा सर्वसाधारणपणे ६४ केबीचा: १६ पट. व्हर्च्युअलबॉक्सच्या व्हीडीआयचा १ एमबीचा: २५६ पट. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या व्हीएचडीचा २ एमबीचा: ५१२ पट. नव्या व्हीएचडीएक्सचा, काही वेगळं सांगितलं नाही तर, ३२ एमबीचा: ८,१९२ पट.

शेवटचा आकडा नीट उलगडून पाहण्यासारखा आहे. १०० जीबीच्या व्हीएचडीएक्समध्ये ३२ एमबीचे ३,२०० तुकडे असतात. प्रत्येक तुकड्यात कुठेतरी एकदा ४ केबी लिहिले गेले, तर लिहिलेला मजकूर भरतो साडेबारा एमबी, आणि फाइल फुगून पूर्ण १०० जीबीची होते. ही टोकाची स्थिती आहे हे खरं. विंडोजची एनटीएफएस इतकी विखरून लिहीत नाही. लिनक्सची ईएक्सटी-४ मात्र आपल्या हिशेबवह्या डिस्कभर ठिकठिकाणी मांडते, त्यामुळे जवळपास रिकामी डिस्कही बाहेर बरीच जागा खाते. आपल्या हायपर-व्हीवर लिनक्स चालवणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टच सुचवते, की व्हीएचडीएक्स तयार करताना तुकडा १ एमबीचा ठेवा आणि ईएक्सटी-४ला तिच्या हिशेबवह्या एकत्र गोळा करून मांडायला सांगा. १ एमबीचा तुकडा ठेवला, की १०० जीबीची फाइल पूर्ण फुगायला साडेबारा एमबीऐवजी ४०० एमबीचं विखुरलेलं लेखन लागतं. ही निवड डिस्कच्या जन्माच्या वेळीच करावी लागते. नंतर बदलायची म्हणजे सगळी डिस्क नव्या फाइलमध्ये ओतावी लागते.

कुंपणं

वचन वाढवता येतं, पण अमर्याद नाही. व्हीएचडीचं कुंपण २,०४० जीबीवर होतं. विंडोज सर्व्हर २०१२ बरोबर आलेल्या व्हीएचडीएक्सने ते ६४ टीबीवर नेलं. व्हीएमवेअरमध्ये एका व्हर्च्युअल डिस्कची मर्यादा बरीच वर्षं २ टीबीला ५१२ बाइट कमी, अशी होती. २०१३च्या व्हीस्फिअर ५.५ने ती ६२ टीबी केली.

दोन टीबीचा आकडा पुन्हापुन्हा भेटतो तो मास्टर बूट रेकॉर्ड या जुन्या पार्टिशन पद्धतीतही. तिथे सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात. त्यामुळे ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइटचे, म्हणजे २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट; त्यापलीकडची जागा त्या पद्धतीला मोजताच येत नाही. बाहेरून डिस्क ३ टीबीची केली, तरी आतला विंडोज २ टीबीपर्यंतच पार्टिशन वाढवू देतो. वरचा १ टीबी दिसतो, पण हाताला लागत नाही. उपाय जीपीटी पद्धतीचा, आणि तो सुरुवातीलाच केलेला बरा.

तिसरं कुंपण फाइल सिस्टिमचं. एनटीएफएसवर ४ केबीचे क्लस्टर असतील तर एक व्हॉल्यूम १६ टीबीपर्यंतच वाढतं. व्हीएचडीएक्स ६४ टीबी देत असली तरी आतली फाइल सिस्टिम १६वर अडून बसते, आणि क्लस्टर मोठे करायचे तर सगळा मजकूर बाहेर काढून पुन्हा फॉरमॅट करणं हाच भरवशाचा मार्ग. मोठ्या होणार हे आधीच माहीत असलेल्या डिस्कसाठी हा विचार पहिल्या दिवशी पाच मिनिटांत होतो. पाच वर्षांनी तोच विचार शनिवार-रविवारची रात्र खातो.

मोजणीचाही एक घोटाळा इथेच सांगायला हवा. डिस्क विकणारे १ टीबी म्हणजे १,००० जीबी मोजतात. व्हर्च्युअल मशीन चालवणारी बहुतेक सॉफ्टवेअरं १,०२४ने मोजतात. जीबीच्या पातळीवर ही तफावत ७.४ टक्के असते, टीबीच्या पातळीवर जवळपास १० टक्के होते. विकत घेतलेली १० टीबी जागा दुसऱ्या मोजणीत ९.०९ टीबी भरते. तिच्यावर नेमक्या १० टीबीच्या डिस्क बसवल्या, तर एकही जास्तीचं वचन दिलं नाही असं वाटत असतानाच ९०० जीबीहून जास्त तूट आलेली असते. शिवाय ईएक्सटी-४ मूळ व्यवस्थापक खात्यासाठी ५ टक्के जागा राखून ठेवते. १ टीबीवर ते ५१ जीबी होतात. मोठ्या डेटा डिस्कवर एवढी राखीव जागा लागत नाही, ती कमी करता येते.

८०चे २००

आता प्रत्यक्ष वाढ. एका लिनक्स मशीनची ८० जीबीची डिस्क २०० जीबीची करायची आहे. बाहेरची आज्ञा एका ओळीची आहे आणि ती लगेच पूर्ण होते. आत जाऊन पाहावं, तर फाइल सिस्टिम अजूनही ८० जीबीच दाखवते. नवख्या माणसाला इथे आपलं काम फसलं असं वाटतं. ते फसलेलं नसतं, त्याचा फक्त पहिला टप्पा झालेला असतो. डिस्क वाढली, पार्टिशन वाढलेलं नाही. पार्टिशनवर एलव्हीएम हा लिनक्सचा व्हॉल्यूम व्यवस्थापक असेल तर त्याचे दोन थर वाढलेले नाहीत. आणि सगळ्यात वरची फाइल सिस्टिम वाढलेली नाही. बाहेरून आत या क्रमाने प्रत्येक थराला नवा आकार सांगावा लागतो. ईएक्सटी-४ आणि एक्सएफएस दोन्ही चालू अवस्थेत वाढतात, मशीन बंद करावं लागत नाही.

जीपीटीचा एक बारकावा अनेकांना चकवतो. ही पद्धत आपल्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या ३३ सेक्टरांत ठेवते. डिस्क ८०ची २०० झाली, की ती प्रत शेवटी न राहता मध्येच अडकते. साधन विचारतं, 'दुरुस्त करू का?' आणि माणूस घाबरून थांबतो. घाबरायचं कारण नाही. प्रत नव्या टोकाला हलवू द्यायची. मात्र कोणत्याही पार्टिशनला हात लावण्याआधी बॅकअप हवा, आणि तो पुन्हा उघडून पाहिलेला हवा.

खरी अडचण शेजाऱ्याची. पार्टिशन फक्त उजवीकडे, म्हणजे लागून असलेल्या मोकळ्या जागेत वाढतं. विंडोजमध्ये सी ड्राइव्हच्या मागे बऱ्याचदा काहीशे एमबीचं रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं. नव्याने आलेले १२० जीबी त्याच्या पलीकडे पडतात आणि 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हा पर्याय फिकट होऊन बसतो. लिनक्सवर हीच जागा स्वॅप पार्टिशन अडवतं. ते काढून फाइलच्या रूपात स्वॅप ठेवली की वाट मोकळी होते. यावर माझं मत असं आहे, की सर्व्हरवर मजकुरासाठी वेगळी डिस्क द्यावी आणि तिच्यावर पार्टिशन एकच असावं. तशी डिस्क वाढवताना आड यायला कोणी शेजारीच राहत नाही.

मजकूर स्नॅपशॉटवर असेल तर आकार बदलायचा विचार आधी सोडून द्यावा. व्हीएमवेअर स्नॅपशॉट असलेली डिस्क वाढवूच देत नाही, हायपर-व्हीचीही तीच अट आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये फक्त साखळीतली सगळ्यात वरची फाइल वाढते आणि मूळ तशीच राहते, मग जुन्या स्नॅपशॉटवर परत जाताच आकारही जुना होतो.

स्नॅपशॉट म्हणजे दुसरी वाढणारी डिस्कच. मूळ फाइल गोठवतात आणि त्यानंतरचं सगळं लेखन नव्या फाइलमध्ये जातं. पुरेसा काळ गेला, तर ही नवी फाइल मूळ डिस्कएवढी होऊ शकते. ५०० जीबीच्या डिस्कवर तीन स्नॅपशॉट घेऊन विसरून गेलं, तर वाईटात वाईट हिशेब ५०० गुणिले ४, म्हणजे २,००० जीबी. व्हीएमवेअर एका साखळीत ३२ स्नॅपशॉट चालवून घेतं, पण दोन-तीनच्या वर जाऊ नका आणि एकही ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, असं स्वतःच बजावतं. हे बजावणं सगळ्यांनी मनावर घ्यावं. अद्ययावतीकरणाच्या आधी घेतलेला आणि 'राहू दे, असू दे' म्हणून ठेवलेला स्नॅपशॉट जितका जुना, तितका तो विलीन करायला वेळ आणि मोकळी जागा जास्त मागतो.

परत मिळवण्याचा हिशेब

आत १८० जीबीच्या जुन्या फाइली पुसल्या. आतल्या मशीनच्या दृष्टीने जागा मोकळी झाली. बाहेरच्या फाइलला याचा पत्ताच नाही, कारण फाइल सिस्टिम पुसताना फक्त आपल्या वहीत 'ही जागा मोकळी' अशी खूण करते. तुकड्यांतला मजकूर जागच्या जागी असतो आणि नकाशातल्या नोंदीही.

यावरचा जुना उपाय असा: आतली सगळी मोकळी जागा शून्यांनी भरायची, मग बाहेरून शून्यांचे तुकडे गाळून फाइल आवळायची. या उपायाचे आकडे क्वचितच कोणी मांडून दाखवतं. समजा, वचन ५०० जीबीचं, फाइल ३०० जीबीची आणि वापर आता १२० जीबीचा आहे. परत मिळवायचे आहेत १८० जीबी. शून्यं भरायला लागलं, की ३८० जीबी लेखन होतं. क्यूकाउ-२ फाइलला, शून्यं ओळखण्याची खास सोय चालू केलेली नसेल तर, शून्य हेही लेखनच. त्यामुळे फाइल ३००वरून ५०० जीबीवर जाते. मग नव्या फाइलमध्ये ओतताना ती १२० जीबीची प्रत जुनी फाइल जिवंत असतानाच तयार होते. त्या घडीला होस्टवर ६२० जीबी अडकलेले असतात. १८० जीबी परत मिळवण्यासाठी आधी ३२० जीबी मोकळे हवेत! जागा संपत आली म्हणून घाईने हा प्रयोग करणारा माणूस जागा संपवूनच बसतो. तो ज्या अवस्थेत हा उपाय शोधायला निघतो, नेमक्या त्याच अवस्थेत हा उपाय सर्वांत धोक्याचा असतो.

नवा उपाय निरोप पोहोचवण्याचा आहे. फाइल सिस्टिम पुसल्यानंतर 'हे तुकडे मला नकोत' असा निरोप खाली पाठवते. साटा जगात त्याला ट्रिम म्हणतात, स्कझी जगात अनमॅप. एसएसडीसाठी आलेली ही भाषा व्हर्च्युअल डिस्कला चपखल बसली. उबुंटूवर दर आठवड्याला एकदा हे काम आपोआप होतं. ना शून्यं लिहावी लागतात, ना दुसरी प्रत लागते.

पण निरोप प्रत्येक दारातून पुढे जायला हवा. आतली फाइल सिस्टिम, तिच्याखाली एन्क्रिप्शन असेल तर तो थर, मग एलव्हीएम, मग व्हर्च्युअल कंट्रोलर, मग क्यूईएमयू किंवा तत्सम सॉफ्टवेअर, मग होस्टची फाइल सिस्टिम. लिनक्सचं लक्स एन्क्रिप्शन सुरक्षेच्या कारणाने हा निरोप मूळ धोरणानुसार अडवतं. क्यूईएमयूचंही मूळ धोरण निरोपाकडे दुर्लक्ष करण्याचं आहे. ते मुद्दाम बदलावं लागतं. व्हर्टआयओ-ब्लॉक या लोकप्रिय कंट्रोलरला तर हा निरोप समजायलाच २०१९ उजाडलं, लिनक्स ५.० आणि क्यूईएमयू ४.० आल्यावर. व्हीएमवेअरमध्ये साठवणुकीच्या पेटीपर्यंत आपोआप निरोप देण्याची सोय व्हीस्फिअर ६.५ने आणली. मधलं एक दार बंद असलं तरी वर सगळं 'यशस्वी' दिसू शकतं आणि खाली एक बाइटही सुटत नाही. म्हणून सोय चालू केली यावर विसंबू नये. आत १० जीबीची फाइल तयार करावी, पुसावी, ट्रिम चालवावं आणि बाहेरच्या फाइलने व्यापलेले ब्लॉक आधी आणि नंतर मोजावेत. त्या चाचणीला पाच मिनिटंही लागत नाहीत.

इथेही तुकड्याचा आकार आडवा येतो. ३२ एमबीच्या तुकड्यात ४ केबी जरी वापरात राहिले, तरी तो तुकडा सुटत नाही.

फाइल आवळणं आणि वचन कमी करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वचन ५००वरून २०० करायचं तर आधी आतली फाइल सिस्टिम आक्रसावी लागते. ईएक्सटी-४ बंद अवस्थेत ते करते, एनटीएफएस हलवता न येणाऱ्या फाइलीपाशी अडते, आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७पासून तिथे न सांगता मिळणारी एक्सएफएस व्यवहारात आक्रसतच नाही. थरांचा क्रमही उलटा: आधी आतला, मग बाहेरचा. क्रम चुकला तर फाइल सिस्टिमची शेपटीच कापली जाते.

२४ टीबीची वचनं, १० टीबीचा पूल

एवढी कटकट असताना माणसं वाढणाऱ्या डिस्क वापरतात, कारण त्यातली बचत खरी आहे. २०१०च्या ऑगस्टमध्ये या तंत्रासाठी, म्हणजे थिन प्रोव्हिजनिंगसाठी, नावाजलेल्या थ्रीपार कंपनीला डेलने समभागामागे १८ डॉलर देऊ केले. एचपी मध्ये पडली, चढाओढ झाली आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला सौदा ३३ डॉलरला, एकूण सुमारे २.३५ अब्ज डॉलरला, एचपीने जिंकला. लग्नाच्या पाचशे पत्रिका वाटून चारशे पानं मांडणाऱ्या यजमानाचा जो अंदाज असतो, तोच इथे असतो: सगळे एकदम येणार नाहीत.

त्या अंदाजाला आकड्यांचा पाया हवा. समजा, पूल, म्हणजे सगळ्या डिस्कसाठीची सामायिक खरी जागा, १० टीबीचा आहे, वचनं २४ टीबीची आणि भरलेली जागा ७ टीबी. वचनाचं प्रमाण २.४ पट. या आकड्याला बघून घाबरणारे असतात आणि फुशारणारेही. एकट्या त्या आकड्यावरून दोन्हींपैकी काहीच ठरत नाही. रोजची वाढ ४० जीबी असेल तर उरलेले ३ टीबी ७५ दिवस पुरतील. नवीन डिस्क मंजूर होऊन, खरेदी होऊन, बसवून व्हायला आठ आठवडे लागत असतील, तर निर्णयाला १९ दिवस उरले. '८० टक्के भरलं की इशारा' ही सर्वत्र आढळणारी पद्धत मला म्हणूनच अपुरी वाटते. १० टीबीच्या पूलमध्ये ८० टक्क्यांनंतर २ टीबी उरतात, म्हणजे ५० दिवस. ५०० जीबीच्या पूलमध्ये १०० जीबी उरतात, म्हणजे त्याच वेगाने अडीच दिवस. इशारा उरलेल्या दिवसांवर लावावा.

पण दिवसांचा हिशेब सरासरीवर चालतो, आणि अपघात सरासरीने होत नाहीत. एखाद्या मशीनमधला लॉग बेफाम सुटला किंवा कोणी चुकून बॅकअप त्याच डिस्कवर उतरवला, तर २०० एमबी प्रतिसेकंद या साध्या वेगाने २ टीबी भरायला १०,००० सेकंद लागतात: पावणेतीन तास. रात्री एकला सुरू झालेलं पहाटे चारच्या आत संपतं. अशा वेळी थांबवणारी एकच गोष्ट असते, त्या डिस्कचं वचन. वचन २०० जीबीचं असेल, तर ते एक मशीन भरून अडकेल आणि बाकीची चालत राहतील. म्हणून 'थिन आहे ना, मग दे १ टीबी' या सवयीला माझा ठाम विरोध आहे. मी एक नियम सुचवीन: पूलमधल्या कोणत्याही एका डिस्कचं अजून न भरलेलं वचन पूलमधल्या मोकळ्या जागेपेक्षा कमी असावं. तसं असेल तर एकटं मशीन सगळ्यांना बुडवू शकत नाही.

पूल भरलाच तर काय होतं, ते सॉफ्टवेअरवर ठरतं. फाइलवरची डिस्क असेल तर क्यूईएमयू, व्हर्च्युअलबॉक्स, हायपर-व्ही आणि व्हीएमवेअर बहुधा मशीन थोपवून धरतात. जागा करून दिली की ते पुढे चालू लागतं. लिनक्सच्या एलव्हीएम थिन पूलचं वागणं जास्त कठोर आहे. २०१२च्या लिनक्स ३.२मध्ये आलेला हा पूल भरल्यावर लेखन ६० सेकंद रांगेत थांबवतो आणि मग चुका परत करायला लागतो. आतली फाइल सिस्टिम त्या चुका पाहून स्वतःला फक्त-वाचनीय करून घेते, डेटाबेस अर्ध्यात पडतो. साठ सेकंदांत झोपेतून उठून कोणी काही करू शकत नाही.

एलव्हीएमला पूल आपोआप वाढवता येतो. पण त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये उंबरठ्याचा मूळ आकडा १०० असतो, आणि १०० याचा अर्थ 'आपोआप वाढवू नकोस'. तो ७० आणि वाढीचा आकडा २० ठेवला, तर १,००० जीबीचा पूल ७०० जीबी ओलांडताच १,२०० होतो, ८४० ओलांडताच १,४४०. खाली व्हॉल्यूम ग्रुपमध्ये तेवढी जागा मोकळी ठेवलेली असेल तरच, अर्थात. पूलचा नकाशा वेगळ्या जागेत असतो आणि तोही भरू शकतो. त्याची कमाल मर्यादा १६ जीबीच्या जरा आत आहे. मजकुराची जागा ६० टक्के आणि नकाशाची ९८ टक्के अशी स्थिती लक्षात न आल्यामुळे पूल बंद पडू शकतो, म्हणून देखरेखीच्या पडद्यावर दोन्ही आकडे हवेत.

क्लाउडवर हा सगळा हिशेब ग्राहकाच्या बाजूने उलटा होतो. पुण्यातल्या 'सेंट्रल इंडिया' केंद्रात २०१५पासून चालणारं मायक्रोसॉफ्टचं अॅझुर असो की २०१६पासून मुंबईत असलेलं अॅमेझॉनचं एडब्ल्यूएस, ब्लॉक डिस्कचं बिल वचनावर लागतं, वापरावर नाही. ५०० जीबी मागून ४० वापरले तरी पैसे ५००चेच. एडब्ल्यूएसवर फेब्रुवारी २०१७पासून चालू मशीनची ईबीएस डिस्क वाढवता येते, कमी मात्र करता येत नाही. अॅझुरच्या प्रीमियम एसएसडीचे दर पायऱ्यांचे आहेत: १२८, २५६, ५१२ जीबी. १२९ जीबी मागितले की दर २५६चा. तिथे आज लागेल तेवढंच, आणि पायरीच्या काठाला धरून मागावं. १२० जीबीची गरज असेल तर १२८, आणि १३०ची गरज वाटत असेल तर आधी दोन जीबीचे जुने लॉग काढता येतात का ते पाहावं.